चौकटीत एक ओळ अंबाझरीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शहर पानावर नागपूरला पाणी देणाऱ्या पेंच नदीवरच्या धरणांची एक चौकट सुरू होते. तोतलाडोह इतके टक्के, नवेगाव खैरी इतके टक्के, गेल्या वर्षी याच तारखेला इतके टक्के. सकाळच्या चहासोबत मी आधी तीच वाचतो. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेल्या माणसाचं दुसरं काय होणार! त्या चौकटीत आपल्या अंबाझरी तलावाची एकच ओळ वाढवा, एवढं मागण्यासाठी हे पत्र. ‘अंबाझरी : सकाळी आठ वाजता पाणी सांडव्याच्या माथ्यापासून इतके सेंटिमीटर खाली.’ सांडवा म्हणजे भरलेल्या तलावातलं जास्तीचं पाणी ज्यावरून आपोआप बाहेर जातं तो बांधीव भाग. तो वाहत असेल तर ‘माथ्यावरून इतके सेंटिमीटर.’ टक्के नकोत, दलघमी (दशलक्ष घनमीटर) नको.

उपसंपादकांच्या मनात काय येईल ते मला कळतं. तोतलाडोहचं पाणी नळाला येतं म्हणून त्याची बातमी. अंबाझरीचं पाणी आता पितं कोण? एके काळी हेच शहर पीत होतं. १८७० च्या सुमारास बांधलेल्या या तलावानं नागपूरला तीसेक वर्षं तरी पाणी पुरवलं. पुढे गोरेवाडा आला, कन्हान आली, पेंच आली आणि अंबाझरीच्या वाट्याला बोटिंग, बगीचा आणि रविवारचा भाजलेला भुट्टा तेवढा राहिला. पाणी पिणं थांबलं आणि त्यासोबत मोजण्याचं निमित्तही गेलं. घोडं पेंड खातं ते इथंच.

मी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं भंडारा-गोंदियाकडच्या लहान तलावांवर गेली. मोठ्या धरणावर बदली व्हावी म्हणून लोक वशिला लावतात, लहान तलाव म्हणजे शिक्षेची जागा. क्वार्टर नाही, जीप नाही, वर्षातले आठ-नऊ महिने साहेब फिरकत नाही. पण पाणी काय असतं ते मला त्या तलावांनीच शिकवलं. मोठ्या धरणावर सगळं सावकाश चालतं. वर पाऊस पडतो, केंद्रावरून निरोप येतो, पातळी तासातासाला लिहिली जाते, बैठक होते, दरवाजे उचलायचं ठरतं, खालच्या गावांना भोंगा वाजतो. लहान तलाव एवढा वेळ देत नाही. त्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी वाहत त्यात येतं तो भाग, लहान, म्हणून पाऊस पडल्यापासून पाणी तलावात यायला तास-दीड तासही पुष्कळ होतो. तेवढ्यात काय करायचं ते आधी ठरलेलं असेल तरच काही होतं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. पश्चिम नागपुरातल्या कितीतरी घरांत पाहुणे मुक्कामाला होते, आमच्याकडेही होते. रात्री पावसानं धरलं आणि चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला. अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, मोरभवनचं बसस्थानक, सगळं पाण्यात. लष्कराला बोटी घेऊन यावं लागलं. माणसं दगावली, त्यांत म्हातारीकोतारी होती. आमचं घर तळमजल्यावर. मुलानं महालक्ष्म्यांचे मुखवटे तेवढे उचलून जिन्यावर नेले. पत्र्याच्या कोठ्या आडव्या झाल्या आणि त्यांत भरलेले गहू-तांदूळ फुगून सगळ्या खोल्यांत पसरले. गाळ निघाला, फ्रिज भंगारात गेला, पण त्या आंबलेल्या धान्याचा वास दिवाळीपर्यंत घरात होता. आम्ही तरी वाचलो. त्यामुळे याहून जास्त रडगाणं गात नाही.

त्या रात्री पाऊस कोणी थांबवू शकलं नसतं. पण आदल्या संध्याकाळी तलावात जागा किती शिल्लक होती, हे खाली राहणाऱ्या आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणीतरी ते मोजत असेलही. आमच्यापर्यंत ते पोचलं नाही, एवढं नक्की. ‘माथ्यापासून पाच सेंटिमीटर खाली’ एवढी ओळ सकाळच्या पेपरात आली असती, तर माझ्यासारख्यानं रात्री पावसाचा जोर पाहूनच गाडी वरच्या रस्त्याला लावली असती, कागदपत्रं माळ्यावर टाकली असती आणि म्हाताऱ्या शेजाऱ्यांना वरच्या मजल्यावर झोपायला नेलं असतं. मोठं काही नाही, इतकंच. पण पहाटे तीन-चारच्या अंधारात गुडघाभर पाण्यात याच गोष्टी करायला गेलं की जीव जातो.

आता थोडा हिशेब मांडू द्या. सवय जात नाही. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी भरतं दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा हजार टँकर, आणि तेही फक्त एका चौरस किलोमीटरचे. पूर्वी यातलं बरंचसं मातीत मुरायचं. तलावाच्या वरच्या अंगाला, वाडी गावाकडे, जसजशी घरं, गोदामं, ट्रकचे अड्डे आणि सिमेंटचे रस्ते वाढले तसं ते मुरणं कमी झालं आणि वाहणं वाढलं. तलाव तेवढाच, पाऊसही फार बदलला नाही असं धरलं, तरी येणारं पाणी वाढलं आणि लवकर यायला लागलं.

हिशेबापुरता शंभर हेक्टर पाणपसारा असलेला एक तलाव घ्या. तो सांडव्याच्या माथ्यापासून अर्धा मीटर खाली असेल तर त्यात पाच लाख घनमीटर पाण्याची जागा आहे. म्हणजे पाच चौरस किलोमीटरवर पडलेला १०० मिलिमीटर पाऊस, एक थेंब न मुरता सगळा वाहून आला, तरी तलाव तो पोटात घेईल आणि सांडव्यावरून काही जाणार नाही. तोच तलाव काठोकाठ भरलेला असेल तर त्याच पावसाचं पाणी थोडं रेंगाळून जवळपास सगळं खाली जाणार. पाऊस तोच, तलाव तोच, फरक त्या अर्ध्या मीटरचा. म्हणून ‘तलाव भरला’ ही बातमी वाचून आपण जे खूश होतो, फोटो काढायला जातो, ते माझ्यासारख्याला जरा खटकतं. शेतीच्या तलावाला भरणं म्हणजे वर्षाची बेगमी. शहराच्या मधोमध असलेल्या, ज्याचं पाणी कोणी पीत नाही आणि शेताला देत नाही, अशा तलावानं सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं राहायचं कारण काय?

सांडव्याचंही एक गणित आहे, आणि ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. माथ्यावरून पाणी दुप्पट उंचीनं वाहू लागलं की विसर्ग दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होतो. एक मीटर लांबीच्या सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचं पाणी जात असेल तर ते सेकंदाला सहाशे लिटरच्या आसपास असतं. एक मीटर झालं की सतराशे. त्यामुळे पहाटे दोन वाजता ‘वाहतोय, पण घाबरण्यासारखं नाही’ असं दिसणारा सांडवा चार वाजता ओळखू येत नाही. आणि सांडव्याच्या पुढ्यात पाण्याला वाट मोकळी नसेल, काही बांधलेलं असेल, पूल ठेंगणा असेल, नाला अरुंद केलेला असेल, तर तिथलं पाणी फुगून मागं सरकतं. मग सांडवा असून नसल्यासारखा होतो आणि तलावाची पातळी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, दिशेनं चढत जाते. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पुढचं काही माणसाच्या हातात उरत नाही. अंबाझरीच्या सांडव्यापुढच्या विवेकानंद स्मारकाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, त्यावर मी काय बोलणार. विवेकानंदांबद्दल आदर कोणाला नाही? पण सांडव्याच्या पुढची जागा पाण्याची असते, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी चौकीदारसुद्धा सांगायचा.

चौकीदाराचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. साकोलीकडच्या एका जुन्या मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या, तलावावर मी असताना तिथं एक वयस्क चौकीदार होता. शाळा फार शिकलेला नाही, पण पाळीच्या पायथ्याशी जिथं पाझर निघायचा तिथं त्यानं एक छोटी दगडी मोरी करून ठेवली होती. रोज सकाळी त्या मोरीतून काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, सूर्याकडे धरून पाहायचं आणि वहीत रेघ मारायची. स्वच्छ असेल तर उभी, गढूळ असेल तर आडवी. पाझर असणं वाईट नाही, मातीची पाळ थोडीफार पाझरतेच. पण पाझराचं पाणी गढूळ झालं म्हणजे आतली माती वाहून येते आहे, पाळीच्या पोटात भोक पडतं आहे. एका ऑगस्टमध्ये तो सायकल दामटत माझ्या खोलीवर आला. “साहेब, काल काचेवानी होतं, आज चहावानी येऊन रायलं.” गेलो. वाळूची पोती, त्यावर मुरूम, त्यावर दगड, गावातली पोरं, मालगुजाराच्या घरच्या नातवापासून ढिवराच्या पोरापर्यंत सगळे कामाला लागले. तिकडं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, पूर्ण उघडून पाणी उतरवलं. पाळ टिकली. वर्तमानपत्रात यातलं काही आलं नाही, येण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्या तलावांचा इतिहास आपल्या वाचकांपैकी पूर्व विदर्भातल्यांना ठाऊक आहे. कोहळी समाजानं आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव. गावानं पाणी वाटून घ्यायचं, गावानं पाळ राखायची, गाळ काढायचा. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. ते योग्यच झालं, मालगुजारांचे लाड मी करणार नाही. पण तलावासोबत त्याची राखण कोणाकडे गेली, हे कागदावर आलं आणि पाळीवर आलं नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे राज्याकडे, अशी वाटणी झाली. चौकीदार निवृत्त झाला की त्याचं पद भरायचं नाही, अशीही एक पद्धत हळूहळू रुळली. त्या साकोलीच्या तलावावर आज बाटलीत पाणी धरून पाहणारा कोणी असेल असं मला वाटत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, लहानसं. वीसच्या आसपास माणसं झोपेत वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर खेकड्यांनी पाळ पोखरल्याचं मंत्र्यांनी सांगितलं आणि महाराष्ट्रभर थट्टा झाली. खात्यातला माणूस म्हणून सांगतो, खेकडे बिळं करतात हे खोटं नाही. उंदीर, घुशी, मुंगूसही करतात. पण ती बिळं दिसायला पाळीवरून रोज कोणीतरी पायी चालावं लागतं. हसण्यासारखा खेकडा नव्हता, ती रिकामी पाळ होती. योगायोग असा की त्याच जुलैत आपल्या नागपुरात पाणी नाही म्हणून दिवसाआड नळ सोडायची वेळ आली होती. पेंच आटली होती, मध्य प्रदेशातल्या चौराई धरणानं वरचं पाणी अडवलं होतं, आणि आपल्या अंकांत रोज तोतलाडोहचा आकडा पहिल्या पानावर यायचा. तेव्हा अख्ख्या शहराला दलघमी म्हणजे काय ते कळायला लागलं होतं. आकडा छापला की लोक शिकतात, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पानठेल्यावर ‘मृत साठा’ या शब्दावर चर्चा चालायची!

तिवरेनंतर दोनेक वर्षांत केंद्रानं धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ केला. ३० डिसेंबर २०२१ पासून तो लागू आहे. चांगला कायदा आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो. धरणाच्या मालकानं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, नोंदवही ठेवायची, आपत्कालीन कृती आराखडा करायचा, हयगय केली तर तुरुंगवासाचीही तरतूद. मोठ्या धरणांचं ठीक आहे. केंद्रीय जल आयोग दर आठवड्याला देशातल्या दीडशेवर जलाशयांचा साठा प्रसिद्ध करतो, त्यात आपलं तोतलाडोह आहे. पण या कायद्याला उंचीची पट्टी आहे. पंधरा मीटरहून उंच धरणं सगळी कायद्यात. दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर, म्हणजे माथ्याची लांबी पाचशे मीटर हवी किंवा साठा एक दलघमी हवा, अशा. दहा मीटरच्या आत असलात की केंद्राला तुमच्याशी कर्तव्य नाही. दिल्लीत बसून देशभरातल्या हजारो धरणांवर नजर ठेवायची तर कुठेतरी रेघ मारावीच लागते, ते मला मान्य आहे. माझं म्हणणं रेघेखालच्यांबद्दल आहे. उंची कमी म्हणून धोका कमी, असं पाण्याच्या बाबतीत नसतं. ओसाड माळावरच्या वीस मीटर धरणापेक्षा लाखाच्या वस्तीच्या डोक्यावरचा आठ मीटरचा बांध जास्त जोखमीचा. आणि रेघेच्या आसपासच्या तलावांचं तर असं होतं की तो व्याख्येत बसतो का, यावरच पत्रव्यवहार चालतो आणि मध्ये एक पावसाळा निघून जातो.

अंबाझरीची तर आणखी गंमत. तलाव महापालिकेचा. वरचं पाणलोट क्षेत्र वाडी नगर परिषदेच्या हद्दीत, काही आयुध निर्माणीच्या म्हणजे केंद्राच्या जमिनीवर. धरण म्हणून तांत्रिक सल्ला जलसंपदा विभागाचा, सुरक्षिततेची राज्यस्तरीय संघटना नाशिकला. खालची नाग नदी शहरातून जाते, तिच्यावरचे पूल वेगवेगळ्या यंत्रणांचे. ती पुढे कन्हानमार्गे वैनगंगेला आणि गोसीखुर्द धरणाला मिळते, आणि गोसीखुर्द हा राष्ट्रीय प्रकल्प. म्हणजे एका थेंबाचा प्रवास केंद्रापासून केंद्रापर्यंत, मधे सगळी खाती! मी यातल्या कोणालाच दोष देत नाही. खात्यात इतकी वर्षं काढून एक कळलं आहे की जबाबदारी पाच जणांत वाटली की प्रत्येकाला आपला हिस्सा पाचवा नाही, पन्नासावा वाटतो. पुराच्या आठवड्यानंतर मी एका कार्यालयात गेलो होतो. तलावाच्या पातळीची नोंदवही पाहायला मिळेल का, एवढंच विचारलं. त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगितलं. तिथल्यांनी तिसऱ्याचं. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी चहा पाजला, माझी सर्व्हिस विचारली आणि पहिल्या कार्यालयात जायला सांगितलं.

आता अंबाझरीच्या सांडव्याला दरवाजे बसवण्याच्या आणि पाळ मजबूत करण्याच्या बातम्या वाचतो. दरवाजे हवेत, कारण त्याशिवाय पावसाळ्यात पातळी खाली ठेवता येणार नाही. पण एक धोका बोलून ठेवतो. बिनदरवाजाचा सांडवा मुका असला तरी प्रामाणिक असतो. पाणी माथ्यावर आलं की आपोआप जातं, कोणाची परवानगी लागत नाही. दरवाजा आला की माणूस आला. किती पातळीला किती उचलायचा, हे लिहून ठेवलेली परिचालन सूची लागते. रात्री दोन वाजता जागा असलेला, वीज गेली तर हातानं दरवाजा उचलू शकणारा कर्मचारी लागतो. वर्षातून दोनदा ग्रीस लागतं. हे नसेल तर गंजून अडकलेला दरवाजा सांडव्यात भिंत बांधल्यासारखाच. नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी दोन हजार कोटींच्या आसपासचा प्रकल्प मंजूर झालेला आपण वाचला. त्या रकमेत एका चौकीदाराचा पगार कुठल्या कोपऱ्यात मावेल?

पाळीवरच्या झाडांवरूनही मध्यंतरी वाद झाला. मला झाडं आवडतात, पण मातीच्या धरणावर मोठी झाडं नकोत, यात दुमत नसावं. झाड वठलं की त्याची मुळं कुजतात आणि पाळीच्या पोटात आयत्या नळ्या तयार होतात. तोडायचीही एकदम नाहीत. मुळांची भोकं नीट भरून, दाबून, टप्प्याटप्प्यानं. हे काम उन्हाळ्याचं, जूनमध्ये कुऱ्हाड घेऊन जायचं नाही.

गोरेवाड्याचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण लहान धरण नीट सांभाळता येतं हे याच शहरात दिसतं. १९१२ च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. आज पेंचचं कच्चं पाणी तिथपर्यंत येतं, बाजूलाच जलशुद्धीकरण केंद्रं आहेत, आणि निम्म्याहून जास्त शहराची सकाळ त्या परिसरावर अवलंबून असते. त्यामुळे तिथं पाणी मोजलं जातं, गस्त असते, भोवती जंगल राखलेलं आहे. शंभर वर्षांवरचा तलाव आजही कामाचा. त्याला कोणी स्मार्ट सिटीचा फलक लावलेला नाही, तो रोज वापरात आहे, एवढंच. अंबाझरीला वापर उरला नाही. मग पूर अडवणं हाच त्याचा वापर ठरवून टाका. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तलाव अमुक पातळीच्या वर ठेवायचा नाही, ऑक्टोबरात परतीच्या पावसावर भरून घ्यायचा, असा लेखी नियम करा. बोटवाल्यांचा धंदा महिना-दोन महिने बसेल, गणपती विसर्जनाचे कृत्रिम टाके तर आता असतातच. बगीच्यातून दिसणारा काठ जरा चिखलाचा दिसेल. चालेल की!

काही जण म्हणतील, रोज आकडा छापलात तर लोक उगाच घाबरतील, अफवा उठतील, घरांचे भाव पडतील. पहिल्या वर्षी थोडं होईलही. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते पावसाळ्यात तासातासाला विचारतात. इशारा पातळी, धोका पातळी तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असते. पाणी ३९ फुटांकडे सरकलं की काय हलवायचं ते घराघरात ठरलेलं असतं. त्यामुळे कोल्हापूर रिकामं झालेलं नाही. ज्यांना कळत नाही ते जास्त घाबरतात, आणि नको त्या वेळी.

तलावाच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांची, दुरून वाचता येईल अशी मोजपट्टी रंगवावी. पांढऱ्यावर काळे आकडे, माथ्याला लाल रेघ. अंबाझरीच्या काठावर रोज पहाटे फिरायला येणारे निवृत्त लोक कमी नाहीत. त्यांच्यातले कितीतरी जण जलसंपदा, बांधकाम, वीज मंडळातले आहेत. पट्टी दिसली की आकडा चारचौघांत बोलला जाईल, दाबून ठेवता येणार नाही. वाडीच्या बाजूला एखाद्या शाळेच्या छतावर एक पर्जन्यमापक बसवा. सोनेगावच्या विमानतळावर पडलेला पाऊस आणि तलावाच्या वर पडलेला पाऊस एक नसतो, आपल्याकडे तर सोनेगावला ऊन आणि वाडीत धो धो असंही होतं. या दोन गोष्टींना फार पैसा लागत नाही. एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सांत दोन्ही होऊन जातील.

बाकी काम आपलं, संपादक महोदय. आपला प्रतिनिधी रोज तोतलाडोहचा आकडा कुठून तरी मिळवतोच. त्याच फोनवर अंबाझरीचाही मागावा, शक्यतो मृग लागायच्या आत सुरुवात करावी. आकडा नेमका कोणाकडे असतो हे कळेनासं झालं, तर तिन्ही-चारही कार्यालयांना एकाच दिवशी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. ‘आमच्याकडे उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर त्या दिवशी चौकटीत तेच छापा, तारखेसह.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक, नागपूर
(नाव-पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे, छापू नये)